चालत्या घराचा मुक्काम : एका रात्रीचा सौदा वेगळा, महिन्याचा वेगळा

व्यापारी बंधूंनो, आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊ, भाचे, मुले आज अमेरिकेत आहेत. कोणी नोकरी करतो, कोणी दुकान चालवतो, तर कोणी शनिवार-रविवारच्या बाजारांतून ओढण्या, चादरी, कशिद्याचे काम, खोटे दागिने असा माल विकतो. त्या देशातले फिरते दुकानदार जत्रेच्या गावी लॉज शोधत बसत नाहीत. त्यांतले कित्येक जण आपले घरच चाकांवर घेऊन निघतात. या चालत्या घराला तिथे आर. व्ही. म्हणतात आणि ते रात्री उभे करण्याच्या जागेला कॅम्पग्राउंड किंवा आर. व्ही. पार्क. ही जागा कशी पारखावी, एवढाच आजच्या धड्याचा विषय आहे.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मालाची पडतळ काढताना आपण खरेदी, हमाली, ट्रकभाडे, दलाली आणि कर हे सगळे धरतो. मुक्कामाचा खर्च मात्र खिशातून गेला तर गेला, तो वहीत येत नाही. दोन-तीन रात्रींच्या फेरीत हे खपून जाते. परंतु जो माणूस वर्षातले चार-सहा महिने मेळ्यांमागे फिरतो, त्याचा हंगामाचा नफा याच भोकातून गळतो. म्हणून जागेचा सौदाही मालाच्या सौद्यासारखा मोजून करावा.

पहिले तत्त्व असे. कटपीस घेणारे गिऱ्हाईक आणि ठाण घेणारे गिऱ्हाईक यांना आपण एकाच मापाने मोजत नाही. तसाच एका रात्रीचा मुक्काम वेगळा आणि महिन्याचा वेगळा. एका रात्रीसाठी आत येणे-जाणे सोपे पाहिजे. महिन्यासाठी पाणी, वीज, सांडपाणी आणि कायदे-नियम पक्के पाहिजेत. जो एकाच्या भावात दुसरे घेतो, तो जास्त पैसे तरी देतो किंवा त्रास तरी काढतो.

गाडी आणि जागा

आर. व्ही.चे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असते, बससारखे. त्याला मोटरहोम म्हणतात. दुसऱ्यात घर वेगळे असून ते मोठ्या गाडीच्या मागे जोडून ओढतात. त्याला ट्रेलर म्हणतात. दुकानदाराच्या दृष्टीने फरक मोठा आहे. ट्रेलर जागेवर सोडून पुढची गाडी घेऊन बाजारात जाता येते. मोटरहोमवाल्याला मात्र दर वेळी पूर्ण घर हलवावे लागते, नाहीतर मागे एक छोटी मोटार ओढत न्यावी लागते.

जागेवर तीन जोडण्या मिळतात : वीज, पिण्याचे पाणी आणि सांडपाण्याचा नळ. तिन्ही असतील तर तिला पूर्ण जोडणीची जागा म्हणतात. काही ठिकाणी फक्त वीज व पाणी असते आणि सांडपाणी रिकामे करण्यासाठी आवारात एक सामाईक ठिकाण असते. त्याला डम्प स्टेशन म्हणतात. काही ठिकाणी यातले काहीच नसते, नुसती जमीन असते. दर या जोडण्यांवर ठरतो.

हा धंदा कसा वाढला हेही समजून घेण्यासारखे आहे. १९६२ साली सिॲटल शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते. मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावावरून त्या प्रदर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. डेव्ह ड्रम नावाच्या व्यावसायिकाने ती पाहिली आणि नदीकाठच्या आपल्या जागेवर मुक्कामाची सोय केली. गरम पाण्याचे न्हाणीघर, संडास, टेबल, चूल आणि छोटे दुकान, या सगळ्याचे रात्रीचे पावणेदोन डॉलर. त्यातून के. ओ. ए. ही कंपनी उभी राहिली. आज अमेरिका आणि कॅनडात तिची पाचशेहून अधिक ठिकाणे आहेत. कंपनीने आपल्या ठिकाणांची वर्गवारी केली आहे. ‘जर्नी’ म्हणजे हमरस्त्याजवळ, वाटसरूच्या रात्रीसाठी. ‘हॉलिडे’ आणि ‘रिझॉर्ट’ म्हणजे काही दिवस राहणाऱ्यांसाठी. साठ वर्षे हाच माल विकणारी कंपनी रात्र आणि मुक्काम वेगळे ठेवते, तर गिऱ्हाइकाने ते एक का समजावे?

सर्वांत आधी जमिनीची उंची

भाव विचारण्याच्या आधी एक गोष्ट पाहावी. जागा पाण्याच्या वाटेत तर नाही ना? नदीकाठच्या जागा देखण्या असतात म्हणून लवकर भरतात. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सास राज्यात ग्वाडालुपे नदीला अचानक महापूर आला. सुट्टीचा दिवस होता, काठावरची आर. व्ही. पार्क भरलेली होती. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. राज्याच्या त्या भागात या पुराने शंभराहून अधिक बळी घेतले. त्या वेळी लोक झोपेत होते.

म्हणून जागा नदीपासून किती वर आहे, बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, रात्री इशारा कोण आणि कसा देतो, हे मालकाला तोंडावर विचारावे. वाळवंटी भागात कोरडा ओढा सपाट आणि मोकळा दिसतो. तिथे गाडी कधीच लावू नये. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि पाणी इथे येते. मोबाईलला रेंज नसेल तर हवामानाचा इशारा देणारा छोटा रेडिओ गाडीत ठेवावा. माल परत घेता येतो, माणूस नाही.

एका रात्रीचा मुक्काम

रात्रीपुरते थांबणाऱ्याने पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, हमरस्त्यापासूनचे अंतर. दहा मैल आत जाणे आणि सकाळी परत येणे म्हणजे वीस मैलांचे पेट्रोल आणि वेळ.

दोन, जागा आरपार आहे की उलटी घालावी लागते. आरपार जागेत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येते आणि ट्रेलर सोडावा लागत नाही. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला अंधारात चाळीस फुटांचे घर मागे घ्यायला लावणे म्हणजे नुकसानीला बोलावणे. आरपार जागेचे चार-पाच डॉलर जास्त पडले तरी रात्रीपुरते ते द्यावेत.

तीन, लांबी आणि उंची. सरकारी वनांतल्या व राष्ट्रीय उद्यानांतल्या पुष्कळ जागा जुन्या, लहान गाड्यांच्या मापाने आखलेल्या आहेत. आपल्या गाडीची पूर्ण लांबी, ट्रेलर धरून, आधी सांगावी. वाटेतल्या पुलाची उंचीही पाहावी.

चार, पोहोचण्याची वेळ. बरीच कार्यालये संध्याकाळी बंद होतात. उशिरा येणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी दारावर ठेवतात, पण आधी फोन केला असेल तरच.

एका रात्रीसाठी पूर्ण जोडणीची गरज सहसा नसते. टाकीत पाणी असेल आणि सांडपाण्याची टाकी रिकामी असेल तर नुसती वीज पुरते. न वापरलेल्या नळाचे पैसे कशाला द्यावेत?

फुकट जागेची खरी किंमत

अमेरिकेत फुकट थांबण्याच्या जागाही आहेत. वॉलमार्टच्या काही दुकानांच्या वाहनतळावर रात्र काढू देतात. परवानगी त्या त्या दुकानाचा व्यवस्थापक देतो आणि गावाचा कायदा आड येत असेल तर तोही देऊ शकत नाही. म्हणून दर वेळी विचारावे. हमरस्त्यावरच्या विश्रांतीच्या जागांचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात चोवीस तासांत आठ तास थांबता येते, तर फ्लोरिडात सर्वसाधारण वाहनाला तीनच तास. पश्चिमेकडच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या मुदतीत १४ दिवस फुकट राहता येते, त्यानंतर तिथून हलावे लागते. तिथे ना नळ, ना वीज, ना पहारा.

फुकट जागेचा हिशेब कागदावर असा करावा. समजा, चार दिवसांच्या मेळ्याशेजारी जागा आहे ४५ डॉलर रोजाने. फुकट जागा आहे ४० मैलांवर. मोटरहोम एका गॅलनला ८ मैल जाते आणि गॅलनचा भाव साडेतीन डॉलर आहे. रोजचे जाणे-येणे ८० मैल, म्हणजे १० गॅलन, म्हणजे ३५ डॉलर. चार दिवसांचे १४० डॉलर. रात्री जनरेटरला रोज दोन गॅलन धरले तर आणखी २८. एकूण १६८ डॉलर. मेळ्याशेजारच्या जागेचे १८०. बचत झाली बारा डॉलरची, त्यासाठी रोज दोन तास गाडी चालवली, आणि माल रात्रभर निर्जन जागी राहिला. ही बचत नव्हे.

फुकट जागा कधी परवडते? वाटेतच असेल तेव्हा, आणि गाडीत माल कमी असेल तेव्हा.

लांबचा मुक्काम

आता ठाणाच्या सौद्याकडे येऊ. जागांचे दर रोजाचे, आठवड्याचे आणि महिन्याचे असे तीन असतात. समजा रोज ५०, आठवडा ३०० आणि महिना ८०० डॉलर, वीज मीटरप्रमाणे वेगळी. महिन्याची वीज १०० डॉलर धरू. पाच रात्रींपर्यंत रोजाचा दर बरा. सहाव्या रात्रीला रोज आणि आठवडा बरोबर येतात. एकोणीस रात्रींना दोन आठवडे आणि पाच रोज मिळून ८५० होतात. विसाव्या रात्रीला तिसरा आठवडा घेतला तरी ९०० होतात, तेवढ्यात विजेसह महिना मिळतो. म्हणजे या दरांत वीस रात्रींच्या पुढेच महिना परवडतो. प्रत्येक ठिकाणचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच. महिन्याचे पैसे भरून मध्येच निघालात तर परतावा मिळतो का, हे लेखी घ्यावे. अनेक ठिकाणी मिळत नाही.

दरानंतर वीज. तिथले खांब ३० अँपियर आणि ५० अँपियर असे दोन प्रकारचे असतात. ३० अँपियरचा खांब १२० व्होल्टवर ३,६०० वॅट देतो. त्यावर एक एअर कंडिशनर आणि किरकोळ उपकरणे चालतात. ५० अँपियरच्या खांबात १२० व्होल्टच्या दोन तारा असल्याने १२,००० वॅट मिळतात. ॲरिझोना-टेक्सासच्या उन्हाळ्यात दोन खोल्या गार ठेवायच्या असतील तर दुसराच खांब पाहिजे. आपल्या कारागिरांसाठी खास सांगणे. इथल्या २३० व्होल्टची इस्त्री किंवा शिलाई मशीनची मोटर गाडीतल्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर नीट चालणार नाही. ती तिथेच घ्यावी.

मग पाणी. नळाचा दाब कमी-जास्त असतो, म्हणून दाब आवरणारा छोटा व्हॉल्व्ह लावावा, नाहीतर गाडीतला पाइप फुटतो. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवावी. थंड राज्यांत हिवाळ्यात कित्येक ठिकाणे पाणी बंद करतात किंवा ठिकाणच बंद ठेवतात. नोव्हेंबरच्या मेळ्यासाठी ऑगस्टमध्ये जागा घेताना हे विचारावे.

सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एक संडासाची, एक मोरीची. पूर्ण जोडणीच्या जागीही संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नये. पाणी वाहून जाते आणि घट्ट मैला तळाशी बसतो. टाकी बरीच भरल्यावर एकदम सोडावी, त्यानंतर मोरीची सोडावी, म्हणजे नळीही धुतली जाते.

या बाबतीत आपल्या घरांची गरज इतरांहून थोडी वेगळी आहे. पाच वेळचे वुजू आणि संडासात पाण्याचा वापर यामुळे आपल्या कुटुंबाची टाकी लवकर रिकामी होते आणि सांडपाण्याची लवकर भरते. दीडशे लिटरच्या टाकीवर कोणी चार दिवस काढतो म्हणून आपणही काढू, असे समजू नये. तीन दिवसांहून जास्त राहायचे असेल तर पूर्ण जोडणी घ्यावी, नाहीतर डम्प स्टेशनजवळची जागा. जुम्याची मशीद आणि हलाल गोश्ताचे दुकान किती मैलांवर आहे, हेही महिन्याच्या मुक्कामात आधी पाहावे. छोट्या गावांत दोन्ही लांब असतात.

शेवटी नियम. काही पार्क पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठीच असतात, तिथे मुले चालत नाहीत. काही ठिकाणी दहा वर्षांहून जुनी गाडी घेत नाहीत. पाहुणे किती दिवस राहू शकतात, टपाल घेता येते का, जनरेटर किती वाजेपर्यंत चालतो, हे सर्व छापील नियमांत असते. ते मागून घ्यावेत आणि सही करण्यापूर्वी वाचावेत.

मुक्कामाची जागा म्हणजे दुकान नव्हे

दुकानदाराने हे विशेष लक्षात ठेवावे. बहुतेक पार्कांत आपल्या जागेवर माल मांडून विकायला मनाई असते. सरकारी जमिनीवर विक्रीसाठी वेगळा परवाना लागतो. मेळ्यातली जागा वेगळी भाड्याने घ्यावी लागते. पर्यटक व्हिसावर गेलेल्या पाहुण्याने मेळ्यात बसून माल विकणे हा व्हिसाच्या अटींचा भंग ठरतो. घरच्यांना मदत म्हणूनही तसे करू नये. तसेच गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. गाडीत विकायचा माल आहे हे विमा कंपनीला सांगून त्याची वेगळी पॉलिसी घ्यावी.

मेळ्यांच्या तारखा ठरलेल्या असतात, त्यावरून मुक्काम आखता येतो. टेक्सासमधल्या कँटन गावचा ‘फर्स्ट मंडे’ बाजार दर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या आधी, गुरुवार ते रविवार भरतो. तो चार रात्रींचा मुक्काम. मॅसॅच्युसेट्समधले ब्रिमफील्ड येथील जुन्या वस्तूंचे बाजार मे, जुलै आणि सप्टेंबर असे वर्षातून तीनदा भरतात. तो आठवड्याचा मुक्काम. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत रत्ने आणि खड्यांचे बाजार भरतात. १९५५ पासून ही परंपरा आहे आणि जयपूरचे व्यापारीही तिथे माल नेतात. अशा वेळी शहरातल्या जागा कित्येक महिने आधी भरतात. उशिरा जाणाऱ्याला दर चढे आणि जागा लांबची मिळते.

हंगामभराच्या मुक्कामाचा नमुना पाहायचा असेल तर त्याच राज्यातले क्वार्टझसाइट हे गाव पाहावे. वस्ती दोन-अडीच हजारांची, पण हिवाळ्यात आजूबाजूच्या वाळवंटात चालत्या घरांचे शहर उभे राहते. सरकारने १९८३ पासून अशा काही जमिनी लांबच्या मुक्कामासाठी राखून ठेवल्या आहेत. ठरावीक फी भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने तिथे राहता येते. गावाजवळच्या ला पोसा या भागात सामाईक पाणी आणि डम्प स्टेशन आहे, पण प्रत्येकाच्या दारात नळ-वीज नाही. त्यामुळे तिथे राहणारे छतावर सौर पत्रे बसवतात आणि पाणी मोजून वापरतात. जोडण्या सोडून दिल्या म्हणून मुक्काम स्वस्त झाला. हाही सौदाच आहे, पण ज्याची तयारी आहे त्याच्यासाठी.

याच गावच्या कबरस्तानात हाजी अली नावाच्या उंटवाल्याची कबर आहे. १८५० च्या दशकात अमेरिकन लष्कराने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर तो आला. तिथल्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘हाय जॉली’ झाले. १९०२ साली तो वारला. १९३५ साली त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड बांधून वर उंटाची आकृती बसवली. इंग्रजांनी ‘कॅरव्हॅन’ हा शब्द फारसी ‘कारवाँ’वरूनच घेतला. कारवाँचा प्रमुख मुक्काम ठरवताना पाणी, उंच जमीन आणि मालाचा पहारा हेच पाहत असे. चाके आली, पाहायच्या गोष्टी त्याच राहिल्या.

आपल्या इथे

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात अशी वाहने आणि ती उभी करण्याची पार्क या दोन्हींचा विचार आहे. ज्या बंधूंची हमरस्त्यालगत किंवा कोकणात जमीन आहे, त्यांनी याकडे धंदा म्हणून पाहण्यास हरकत नाही. पण आधी ठरवावे की आपण रात्र विकणार की मुक्काम. रात्र विकायची तर रस्त्याजवळची, आरपार वळणाची, उजेडाची जागा पाहिजे. मुक्काम विकायचा तर पाणी, वीज आणि सांडपाण्याचा कायदेशीर निचरा यांवर आधी पैसे घालावे लागतील. दोन्ही एकाच वाफ्यात होत नाहीत.

जागा घेण्यापूर्वी हे दहा प्रश्न कागदावर लिहून फोनजवळ ठेवावेत :

१. जमीन पाण्याच्या वाटेत आहे का?
२. बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का?
३. माझ्या गाडीची लांबी-उंची मावते का?
४. जागा आरपार आहे का?
५. तीनपैकी कोणत्या जोडण्या आहेत आणि मला कोणत्या लागतात?
६. वीज ३० की ५० अँपियर, आणि मीटर वेगळा का?
७. रोज, आठवडा, महिना यांपैकी कोणता दर माझ्या दिवसांना बसतो?
८. रद्द केल्यास किती परत मिळते, हे लेखी आहे का?
९. मेळा किती मैलांवर, आणि त्या मैलांचे पेट्रोल किती?
१०. रात्री मालावर लक्ष कोणाचे?

मिळालेली उत्तरे आणि दिलेली रक्कम त्याच दिवशी वहीत टिपावी. पुढच्या हंगामात मालाचा भाव बांधताना ती पडतळीत धरावी.